पिवळं पडलेलं आणि पिकलेलं

ग्वेल्फ, ओंटारिओ
शुक्रवार, १ ऑगस्ट २०२५

सकाळी साडेसहालाच मागच्या अंगणात गेले. चारही झाडं आता माझ्या खांद्याला लागली आहेत. चार, कारण कायदा चारच लावू देतो. १७ ऑक्टोबर २०१८पासून कॅनडात प्रौढ माणसाला घरी गांजाची झाडं लावायची मुभा आहे, पण एका घरात जास्तीत जास्त चार, मग घरात माणसं कितीही असोत. क्वेबेकनं तेवढीही नाकारली आणि २०२३मध्ये इथल्या सर्वोच्च न्यायालयानं ती बंदी उचलून धरली. आमच्या प्रांतात चालतं.

'गांजा' हा शब्द वहीत लिहिताना अजून हात थबकतो. राहुरीला माझ्या माहेरच्या दारात असं एक जरी झाड वाढवलं तरी भारतातल्या १९८५च्या अमली पदार्थांच्या कायद्याखाली तो गुन्हा होईल. माहेरी हे कुणाला सांगितलेलं नाही.

पण दोन वर्षांपूर्वी ह्यांना नागीण झाली. फोड महिन्याभरात वाळले, बरगड्यांतली आग मात्र राहिली. सदरा अंगाला लागला तरी कळवळायचे. आता डॉक्टरांशी बोलून रात्री गांजाच्या तेलाचे मोजके थेंब घेतात आणि चारपाच तास सलग झोपतात. मी पाहते ते एवढंच, त्यापलीकडचं डॉक्टर जाणोत. मी स्वतः घेत नाही. माझं नातं झाडांशी आहे.

कुंड्या कापडी, चाळीस लिटरच्या. एक आणि दोन नंबर घराच्या भिंतीशी, पन्हळीखालच्या पिंपाजवळ. तीन आणि चार कुंपणालगत, जिथं दुपारचं ऊन चांगलं मिळतं. जुलै कोरडा गेला. पिंप अर्ध्यावर आलं तेव्हापासून कुंपणाकडच्या दोघींना नळी लावून पाणी देते आहे.

मंगळवार, ५ ऑगस्ट

चार नंबरला एक पान पिवळं दिसलं. शिरा हिरव्या, मधला भाग फिकट. मॅग्नेशियम कमी पडलं असणार असं मनानं घेतलं. घरात एप्सम सॉल्ट होतंच. चार लिटर पाण्याला एक चहाचा चमचा घातलं आणि चारही कुंड्यांना दिलं. हे म्हणाले, "एकाच झाडाला दुखतंय ना? मग सगळ्यांना औषध कशाला?" मी म्हटलं, अपाय तर नाही.

सोमवार, ११ ऑगस्ट

कळ्या धरल्या! पेरापेरात पांढरे दोन-दोन केस बाहेर आलेत. हे झाड ऋतू ओळखतं ते रात्रीच्या लांबीवरून. जूनच्या शेवटच्या आठवड्यात इथं सव्वापंधरा तासांहून मोठा दिवस होता, तेव्हा नुसती वाढ चालली होती. आता तो चौदा तासांवर उतरत आला. रात्र लांबली की झाडाला कळतं, दिवस थोडे राहिले.

चारही झाडांच्या बुडाशी दोनतीन पानं फिकट पिवळी झाली आहेत. ही मात्र सबंध पिवळी, शिरांसकट.

गुरुवार, १४ ऑगस्ट

एप्समला नऊ दिवस झाले, काही फरक नाही. उलट तीन आणि चार नंबरचे शेंडे पिवळे पडले. अगदी टोकाची, कालपरवा उमललेली पानं, लिंबाच्या सालीच्या रंगाची. शिरा तेवढ्या हिरव्या, जाळीसारख्या उठून दिसतात.

कोळी असेल म्हणून पांढरा कागद धरून फांदी झटकली. लाल कोळी असते तर मिरीच्या पुडीएवढे ठिपके कागदावर चालू लागले असते. काही नव्हतं. सोनाराचं दहापट भिंग आणून पानांच्या पाठी पाहिल्या. जाळं नाही, मावा नाही, फुलकिड्यांचे रुपेरी ओरखडे नाहीत. कुंडीत दुसऱ्या पेरापर्यंत बोट घातलं. माती ओलसर, मोकळी, कुबट वास नाही. वाफसा चांगला आहे, म्हणजे मुळं गुदमरलेली नाहीत.

किडीचं नाही, पाणी साचल्याचंही नाही. मग काय?

शनिवार, १६ ऑगस्ट

काल रात्री नऊला राहुरीला फोन लावला. तिकडे सकाळचे साडेसहा, दादा नुकताच उसात पाणी धरून आलेला. पानाचा फोटो पाठवला होता. झाडाचं नाव काढलं नव्हतं, फक्त शेंडा पाठवला. पण ती सात पात्यांची, करवतीच्या दातांची पानं कुणापासून लपणार?

दादा म्हणाला, "झाड ओळखलं मी. ते नंतर बोलू. आधी हे सांग, नवी पानं पिवळी की जुनी?"

"नवी. शेंड्याची."

"शिरा हिरव्या?"

"हो."

"अगं मग हा केवडा. पाणी कुठलं देते?"

"नळाचं."

"नळाला कुठून येतं?"

ग्वेल्फच्या नळाला तळ्याचं किंवा धरणाचं पाणी येत नाही, सगळं गाव जमिनीखालच्या पाण्यावर. चुनखडीच्या खडकातून येणारं जड पाणी. मी म्हटलं, "विहिरीचंच म्हण."

"किटलीत पांढरं बसतं?"

"थर बसतो, दादा."

"मग लोह आहे मातीत, पण चुन्यानं बांधून ठेवलंय. आपल्या खालच्या रानातला ऊस आठव."

आठवला. चुनखडीचं रान, आणि खोडव्याची ती पिवळ्या-हिरव्या पट्ट्यांची पानं. लहानपणी मला ते फार सुंदर वाटायचं. वडील मात्र पान हातात घेऊन गप्प व्हायचे आणि दुसऱ्या दिवशी हिराकस आणून शेणखतात मुरवायला ठेवायचे. जमिनीचा सामू, म्हणजे पीएच, वर गेला की लोह असूनही मुळांना उचलता येत नाही. लोहाचं आणखी एक, ते एकदा पानात बसलं की तिथून हलत नाही. म्हणून जुनी पानं हिरवी राहतात आणि नव्यांच्या वाट्याला काही येत नाही. मॅग्नेशियमचं उलटं असतं. ते कमी पडलं की झाड जुन्या पानांतलं काढून नव्यांना देतं, म्हणून पिवळं खालून सुरू होतं. दोन्हींत शिरा हिरव्याच राहतात. मी शिरा पाहिल्या, पान कुठलं ते पाहिलंच नाही. शेंड्याच्या रोगाला बुडाचं औषध दिलं.

फोन ठेवताना दादा म्हणाला, "आणि बुडाची जी पिवळी आहेत ती आधी हातात घेऊन बघ. पिवळं पडलेलं पान वेगळं आणि पिकलेलं वेगळं."

रविवार, १७ ऑगस्ट

आज मोजून पाहिलं. प्रत्येक कुंडीत बोटभर खालची माती काढली, एक वाटी मातीला दोन वाट्या डिस्टिल्ड पाणी, ढवळून अर्धा तास ठेवलं आणि सामूचा मीटर बुडवला.

एक नंबर: ६.५. दोन नंबर: ६.४. तीन नंबर: ७.५. चार नंबर: ७.६.

आकडे लिहिताना अंगावर काटा आला. माती चौघींची एकाच पोत्यातली, रोपं एकाच दिवशी लावलेली, खत एकच. सामू बदलेल असा फरक फक्त पाण्याचा. भिंतीकडच्या दोघी पिंपातलं पावसाचं पाणी पीत होत्या, कुंपणाकडच्या दोघी नळाचं. उत्तर महिनाभर अंगणात उभं होतं. चौघींना शेजारी शेजारी ठेवून पाहायचं मला सुचलं नाही.

मऊ केलेलं पाणी द्यावं असं एकदा मनात आलं. इथं बऱ्याच घरी पाणी मऊ करायचं यंत्र असतं, त्या पाण्यानं भांड्यांवर पांढरं बसत नाही. पण ते यंत्र चुना काढून घेतं आणि त्याच्या बदल्यात पाण्यात सोडियम सोडतं. सोडियमनं जमिनीचं काय होतं हे राहुरीकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. कालव्याच्या कडेची कितीतरी रानं चोपण होताना आम्ही पाहिली. ते पाणी झाडाला नको.

मंगळवार, १९ ऑगस्ट

उपाय चार दिवसांचा नाही, धीराचा आहे.

दुकानातून आरओचे मोठे कॅन आणले. अर्धं ते पाणी, अर्धं नळाचं. त्यात चिमटीनं लिंबूसत्त्व घालून मीटर ६.३च्या आसपास येईपर्यंत ढवळलं. त्याबरोबर चिलेटेड लोह, डब्यावर लिहिलंय तेवढंच, मातीतून. फवारणी नाही. कळ्या धरल्या आहेत, त्यांच्यावर आता साधं पाणीसुद्धा मारायचं नाही. जे फूल माणसाच्या पोटात जाणार त्यावर काय पडतं याची जबाबदारी माझी.

बुडाच्या पिवळ्या पानांकडेही आज नीट पाहिलं. ती चौघींची पिवळी आहेत, पाण्याचा संबंध नाही. टोकाकडून देठाकडे सारखी फिकट होत आलेली. हे नत्र. कळ्या धरताना झाडाची ओढ एकदम वाढते, मातीतलं पुरत नाही, मग ते खालच्या पानांतून काढून वर पाठवतं. प्रत्येकीला दोन तांबे गांडूळखताचं पाणी दिलं. जास्त नाही. फुलोऱ्यात नत्र जास्त झालं की पानं माजतात आणि कळ्या मागं राहतात.

बुधवार, २७ ऑगस्ट. गणेश चतुर्थी

दूर्वा अंगणातल्याच. गणपती बसले, आरती झाली, उकडीचे मोदक एकवीस जमले नाहीत, अकरा केले.

नैवेद्य दाखवून झाल्यावर मागं गेले. तीन नंबरच्या शेंड्याला पोपटी रंग आला आहे! आठ दिवस झाले. टोकाची दोन नवी पानं आत, शिरेजवळून हिरवी होत बाहेरच्या कडेकडे चालली आहेत. चार नंबर अजून मागे. आधी पूर्ण पांढरट झालेली दोन पानं तशीच आहेत, त्यांच्या कडा तपकिरी झाल्या. ती आता सुधारणार नाहीत, आणि त्यांच्यावरून उपायाचं मोजमाप करायचंही नाही. औषध लागू पडलं की नाही ते नव्या पानाला विचारायचं.

ह्यांना हात धरून दाखवायला नेलं. ते वाकून बराच वेळ पाहत होते.

बुधवार, ३ सप्टेंबर

सामू आज: तीन नंबर ७.०, चार नंबर ७.१. हळूहळू उतरतोय.

पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये घाबरून पुन्हा डबे उघडायचे नाहीत, म्हणून पाहण्याचा क्रम इथं लिहून ठेवते.

पहिलं, पिवळं कुठून सुरू झालं? बुडापासून असेल तर नत्र, मॅग्नेशियम किंवा पालाश. शेंड्यापासून असेल तर बहुधा लोह, आणि लोहाच्या मागे सामू.

दुसरं, पानात पिवळं कुठं आहे? सबंध पान फिकट तर नत्र. शिरांच्या मधे तर मॅग्नेशियम किंवा लोह, आणि त्यांतलं कुठलं ते पहिल्या प्रश्नानं ठरतं. फक्त कडा पिवळ्या होऊन करपत असतील तर पालाश. गोल ठिपके असतील तर करपा, म्हणजे बुरशी. ती खालच्या, ओल्या राहिलेल्या पानांवर येते. सुईनं टोचल्यासारखे बारीक फिकट ठिपके असतील तर पान उलटायचं आणि कोळी शोधायचा.

तिसरं, हात लावायचा. पान मऊ पडून लोंबतंय आणि माती ओली, तर पाणी जास्त झालं. माती कोरडी, कुंडी हलकी, तर पाणी कमी.

चौथं, शेजारचं झाड पाहायचं. चौघींना एकच दुखणं आहे की एकीलाच?

आणि मग एकच उपाय, आणि दहा दिवस वाट. दोन उपाय एकदम केले की कुठला लागला ते कधीच कळत नाही.

शुक्रवार, १९ सप्टेंबर

आज पोटात गोळा आला.

एक नंबर माझी सगळ्यांत निरोगी. पावसाच्या पाण्यावर वाढलेली, एकदाही आजारी न पडलेली. तिच्या मधल्या तुऱ्यात, हाताच्या मुठीएवढ्या कळीत, एकच पान पिवळं दिसलं. आजूबाजूची सगळी हिरवीगार. ते एकटंच मलूल होऊन खाली वळलेलं.

वरच्या क्रमात हे बसत नव्हतं. बुडाचं नाही, शेंड्याचं नाही, एकाच कळीतलं एकच पान. चिमटीत धरून हलकेच ओढलं, तर लोण्यातून सुरी निघावी तसं निघून आलं. देठाचं टोक तपकिरी, ओलं. कळी दोन बोटांनी उकलली. आत राखाडी लव, जुन्या भाकरीवर येते तशी, आणि मधोमध पोखरलेलं भोक. त्यात अळीची काळसर विष्ठा आणि थोडं पुढं ती अळी.

करडी बुरशी. रात्री आता गार पडतात, दव सकाळी नऊपर्यंत सुकत नाही, आणि घट्ट कळीच्या पोटात वारा शिरत नाही. अळीनं भोक पाडलं, घाण केली, बुरशीला घर मिळालं. बाहेरून कळी अजून टवटवीत होती. ते एक पान सांगत होतं, कारण त्याचं देठ कुजलेल्या भागातून निघालं होतं.

कात्री स्पिरिटनं पुसली. कुजलेल्या भागाखालचा चार बोटं निरोगी भाग धरून तुरा कापला, तिथल्या तिथं पिशवीत बांधला, कचऱ्यात टाकला. खताच्या ढिगावर नाही, तिथून बीजाणू पुन्हा उडतील. पुन्हा कात्री पुसली. मग चारही झाडांच्या एकूण एक कळ्या पाहिल्या, दोन तास लागले. दोन नंबरवर आणखी एक सापडली, करंगळीएवढी.

हे म्हणाले, "एवढ्याशा जागेसाठी एवढा मोठा तुरा?" मी म्हटलं, "तुमच्या पोटात जाणार आहे ते." बुरशी लागलेलं फूल आजारी माणसाला द्यायचं नाही, एवढं मला पक्कं माहीत आहे.

सोमवार, २२ सप्टेंबर. घटस्थापना

घट बसवला, परडीत गहू पेरले. नऊ दिवसांत वाढतील ते पिवळेच वाढतील, अंधारातले. त्या पिवळ्याला कुणी रोग म्हणत नाही. डोक्यात खोवतो आपण.

आजपासून सकाळी झाडं हलवून दव झाडते. आतल्या दाट फांद्यांतली सावलीतली पानं काढली, वारा खेळू दे. खत बंद.

शनिवार, ४ ऑक्टोबर

चौघीही पिवळ्या होत आहेत. रस्त्यापलीकडचा मेपल पिवळा आणि तांबडा, आमच्या कुंपणाआत ह्या चौघी. आधी बुडाची मोठी पानं, मग मधली. कळ्यांभोवतीची छोटी पानं अजून हिरवी आहेत.

पहिला विचार मनात आलाच, नत्र कमी पडलं. हात खताच्या डब्याकडे गेलाही. मग दादाचं शेवटचं वाक्य आठवलं आणि पान हातात घेतलं.

तळहातावर ठेवून बराच वेळ पाहिलं. रंग एकसारखा, हळदीच्या ताज्या कांड्यासारखा आतून उजळलेला. डाग नाही, कडा करपलेली नाही. पातं अजून ताठ, कुरकुरीत नाही. देठ अंगठ्यानं खाली दाबलं, तर टच् करून सांध्यापाशी स्वच्छ सुटलं. मागं जखम नाही, फक्त कोरडा, फिकट ठसा. ऑगस्टमधलं आजारी पान मी ओढलं होतं तेव्हा देठाबरोबर साल सोलून आली होती. झाडानं ते सोडलं नव्हतं. हे पान झाडानं स्वतःहून सोडलं. त्यातलं नत्र, जे काही हलवता येण्यासारखं होतं ते, सगळं कळ्यांकडे पोचवून झालं. हिरवा रंग मोडला आणि मागे राहिला तो आधीपासून आत असलेला पिवळा.

हे पिकलेलं पान.

भिंगातून कळी पाहिली. महिन्यापूर्वी काचेसारख्या दिसणाऱ्या ग्रंथी आता दुधाळ झाल्या आहेत, एखादीच मधाच्या रंगाची. पांढरे केस तपकिरी होऊन आत वळले. झाडाचं काम होत आलं आहे. डबा परत कपाटात ठेवला.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

रात्री हिमकण पडायचा अंदाज होता, म्हणून काल दिवसभरात चारही कापल्या. फांद्या तळघरात पंख्याच्या वाऱ्यापासून दूर, एकमेकींना न लागतील अशा उलट्या टांगल्या. प्रत्येक कळी पुन्हा उकलून पाहिली. आणखी एक कुजकी निघाली, ती फेकली.

रात्री दादाला फोन केला. नुसता नाही, फोन घेऊन तळघरात गेले आणि सगळं दाखवलं. तो बराच वेळ गप्प होता.

मग म्हणाला, "दाजींना झोप लागते का आता?"

"लागते. सलग चारपाच तास."

"बरं झालं," तो म्हणाला. एवढंच. ऑगस्टमध्ये 'नंतर बोलू' म्हणाला होता, ते बोलणं एवढंच होतं. मग त्यानं विचारलं, "त्या खालच्या फांदीची पानं पिवळी दिसतात, तो केवडा राहिला का?"

"नाही, दादा. पिकली ती."

आज सकाळी अंगण झाडलं. पिकलेली पानं खताच्या ढिगावर टाकली, डागाळलेली पिशवीत बांधून कचऱ्यात. चारही कुंड्यांतली माती शेवटची मोजली. एक नंबर ६.५, दोन नंबर ६.५, तीन नंबर ६.७, चार नंबर ६.८. कुंपणाच्या बाजूलाही पन्हळ उतरते, तिथं ठेवायला दुसरं पिंप मागवलं आहे.